डावीकडून चौथा पाय

रेवतीने घड्याळ जोडायच्या किटमध्ये सांगितलेला मदत-क्रमांक फिरवला, तेव्हा पलीकडून फोन तिनेच उचलला. ती सहा आठवड्यांनी मोठी होती.

यात गैर काही नव्हते. किटच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर तसे स्वच्छ छापले होते. "प्रत्येक ग्राहकास जोडणीत मदत तोच ग्राहक करील, परंतु जोडणी पूर्ण केल्यानंतरचा. मदतीचे वार मंगळवार व शुक्रवार, वेळ दुपारी तीन ते सव्वातीन. स्वतःच्याच क्रमांकाआधी बेचाळीस लावावे. आज लावलेला फोन बरोबर बेचाळीस दिवसांनी वाजेल. प्रश्न फक्त किटविषयी विचारावेत." कंपनीचा यामागचा विचार सरळ होता. नवशिक्याचे कुठे अडते ते अनुभवी माणसाला आठवत नाही आणि दुसऱ्या नवशिक्याला ते ठाऊकच नसते. दोन्ही जमेल असे माणूस ज्याचे त्यालाच सापडते, फक्त थोडे पुढे जाऊन बघावे लागते.

"बोल," पलीकडची म्हणाली. "केस बांधलेस का?"

रेवती नुकतीच न्हाऊन आली होती. केस मोकळे होते. "नाही."

"आधी बांध. सोल्डरिंगची गन तापली की पहिला वास केसांचाच येतो. मग एक थाळी घे, स्टीलची नको, प्लॅस्टिकची. सगळे भाग तिच्यात काढून मोज."

"मोजलेत. सदतीस भरले. पुस्तिकेत अडतीस लिहिलेत."

"खोक्याच्या घडीत बघ. क्रिस्टल असेल. तांदळाएवढा, चकचकीत."

होता. रेवतीने तो चिमटीत धरून थाळीत ठेवला. आपल्याला सापडले नाही ते आपल्यालाच आधी माहीत असावे, हे तिला थोडे लागले.

"मला जमेल ना हे?"

"मी फोन उचललाय म्हणजे जमलंच की."

यानंतर रेवतीने जे विचारायचे म्हणून सकाळपासून मनाशी धरले होते, ते विचारले. "तू कुठून बोलतेस?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुकर कुणाचाही असू शकतो.

"किटविषयी विचार," पलीकडची म्हणाली आणि फोन ठेवला.

रेवतीचे लग्न माघात झाले होते. तासगावच्या रेवती बुरसेची कराडची रेवती तारळेकर होऊन पाच आठवडे झाले होते. तिची एक निळी बॅग पलंगाखाली होती. ती अर्धी रिकामी झाली होती आणि अर्धी व्हायची होती. रोजच्या साड्या कपाटात गेल्या होत्या. पण कॉलेजचे दोन कुडते, उशीचा जुना अभ्रा, मैत्रिणींनी सह्या केलेली वही आणि माहेरच्या घराची एक किल्ली असे बरेच काही बॅगेतच होते. कुणी तिला त्रास देत होते असे नाही. कपाटात जागाही होती. पण बॅग रिकामी करायची म्हटले की तिला काहीतरी दुसरे काम आठवायचे. सहा आठवड्यांनी मोठ्या असलेल्या स्वतःला तिला खरे तर एकच विचारायचे होते, बॅग रिकामी केलीस का. आणि बॅग ही किटमध्ये येत नव्हती.

किट आले ते रुखवतातून. लग्नाच्या आदल्या दिवशी टेबल मांडताना शोभामावशीच्या लक्षात आले, की खोबऱ्याच्या वाट्यांची विहीर आणि साखरेचे तुळशीवृंदावन मांडूनही एका कोपऱ्यात हातभर जागा उरते. तिने बाजारात जाऊन मिळेल ते सुबक खोके आणले आणि त्यापुढे पाटी लावली, "नववधूच्या हातचे इलेक्ट्रॉनिक घड्याळ". खोक्याला चिकटपट्टी तशीच होती. ती कोणी काढली नाही. रुखवतातल्या वस्तूला हात लावायची पद्धत नाही.

रेवतीच्या सासूबाई निर्मलाबाई यांनी पाटी दोनदा वाचली. कराडला परतल्यावर त्यांनी गल्लीत सांगितले, की सून घड्याळे करते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बैठकीच्या भिंतीवर सुनेच्या हातचे घड्याळ असेल, हेही त्यांनीच ठरवले आणि जुन्या घड्याळाचा खिळा आधीच एक इंच वर घेतला.

बी.कॉम. झालेल्या रेवतीने तोवर सोल्डरिंगची गन दुकानातसुद्धा पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी अमोल, म्हणजे तिचा नवरा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून घरी आला. हंगाम संपत आला होता आणि त्याच्या शर्टाला मळीचा वास होता.

"लागला का फोन?"

"लागला."

"कोण होतं?"

"मी."

"काय म्हणाली?"

"केस बांध म्हणाली."

अमोलने बूट काढले. "मग ऐक तिचं. तुझ्यापेक्षा अनुभवी आहे."

निर्मलाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "स्वतःशी बोलायला फोन कशाला लागतो म्हणते मी. आम्ही ओट्याशी उभ्याउभ्या बोलतो."

रेवती हसली. तिला उत्तर सुचले होते, पण उत्तराच्या आधी हाक लागते, आणि ती तिच्याकडे नव्हती. पाच आठवड्यांत तिने निर्मलाबाईंना काहीच म्हटले नव्हते. आई ही तासगावला होती. मामी, काकू हे जुने वाटे. सासूबाई असे तोंडावर कोणी म्हणत नाही. त्यामुळे काही सांगायचे झाले की ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राही आणि त्यांनी वर पाहिले की बोलायला लागे. याने बरीचशी कामे होत. पाठमोऱ्या निर्मलाबाईंशी मात्र तिचे आजवर एकही वाक्य झाले नव्हते.

शुक्रवारी तीन वाजता तिने पुन्हा फोन लावला. वेळ तिने मोबाईलमध्ये पाहिली. हे सांगायला हवे, कारण तारळेकरांच्या घरातली सगळी घड्याळे दहा मिनिटे पुढे असत. तीस वर्षांपूर्वी निर्मलाबाईंची चिपळूणची एसटी दहा मिनिटांनी चुकली होती, तेव्हापासूनची ही पद्धत. घरातला प्रत्येक जण घड्याळ बघून मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करी. त्यामुळे एसटी आता पूर्वीइतकीच चुकायची, पण घराची तयारी होती असे वाटायचे. मोबाईलमधली वेळ ही बाहेरची वेळ. ती फाटकाबाहेर धरायची.

"बोल," पलीकडची म्हणाली.

"धूर आला. फट् आवाज झाला आणि एक काळी टोपी उडाली."

"कपॅसिटर. उलटा लावलास. लांब पाय अधिकच्या खुणेकडे जातो."

"पुस्तिकेत तसं कुठे..."

"अकराव्या पानावर आहे. मीसुद्धा ते नंतरच वाचलं. एक जास्तीचा दिलाय, पिशवीच्या तळाशी बघ. आणि तुझे डाख दाणेदार आलेत. डाख चमकला पाहिजे, आई म्हणतात."

"डाख म्हणजे?"

"शिशाने सांधतेस ना, तो सांधा. जुना शब्द आहे."

डाखाचे रेवतीला कळले होते. तिची आई शिक्षिका होती आणि डाखाबद्दल तिचे काही मत नव्हते. शिवाय आईला कोणी अहोजाहो करत नाही. म्हणजे ही बाई कोणाला तरी आई म्हणायला लागली होती, आणि इतक्या सहज, की म्हटल्याचे तिच्या लक्षातही नव्हते. रेवतीला तिचा थोडा रागच आला. सहा आठवड्यांत माणसाने इतके पुढे जाऊ नये.

"बॅग," रेवती म्हणाली. "पलंगाखालची बॅग..."

"किटविषयी विचार."

"खोकं बॅगेत ठेवलंय मी. म्हणून विचारते."

हे खोटे होते आणि ते कोणाला सांगतो आहोत याचा तिने विचार केला नव्हता.

"खोकं खिडकीत आहे," पलीकडची म्हणाली. तिचा आवाज मात्र किंचित मऊ झाला. "तीन चौदा झाले. ठेवते."

पुढच्या मंगळवारी घड्याळ जवळजवळ पूर्ण झाले होते. अडतीसही भाग आपापल्या जागी होते. वीज लावली की बझर वाजायचा, म्हणजे घड्याळाला वेळ कळत होती. पण आकड्यांची पट्टी काळी ती काळीच. घड्याळ वेळ मनात ठेवत होते.

निर्मलाबाई शेजारच्या खोलीत दुपारच्या झोपेत होत्या. तीन वाजता रेवतीने बेचाळीस लावून स्वतःचा नंबर फिरवला. पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

"हॅलो. ती घरात नाहीये," निर्मलाबाई म्हणाल्या.

रेवतीने फोन कानापासून दूर धरला. भिंतीपलीकडून निर्मलाबाईंचे घोरणे नीट ऐकू येत होते. तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"मी रेवती बोलतेय."

"कळलं. तेव्हाची ना? आवाज बारीक आहे अजून."

"कुठे गेलीय ती?"

"किटचं विचारायचं असतं. पुस्तक वाचलंय मी."

रेवतीने सांगितले, की बझर वाजतो पण आकडे उमटत नाहीत. पलीकडे कॅलेंडरचे पान उलटल्यासारखा आवाज झाला.

"थांब, लिहून ठेवलंय. डावीकडून चौथा पाय. त्याचा डाख बसलेला नाही. गन टेकव, एक दोन तीन म्हण आणि उचल. फुंकर मारू नकोस."

तेवढ्यात पलीकडे काहीतरी पत्र्याचे, मोठे, खाली ठेवल्याचा खणखणाट झाला.

"कोण आलं?" रेवतीने विचारले.

"जमेल आता तुला. ठेवते, माझा चहा राहिलाय."

आकड्यांच्या पट्टीचा डावीकडून चौथा पाय खरोखरच सुटा होता. रेवतीने गन टेकवली, तीन म्हटले आणि उचलली. फुंकर मारली नाही. डाख चमकला. पट्टीवर लाल आकडे उमटले, चार शून्ये, आणि मधले दोन ठिपके डोळे मिचकावू लागले.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो बाजूला उभा राहिला.

तिने पुस्तिका पुन्हा काढली. चौथ्या पानाखाली बारीक अक्षरात होते, "ग्राहक घरात नसल्यास कुटुंबातील प्रौढ व्यक्ती मदत करील. ग्राहक कोठे आहे, याची माहिती दिली जात नाही." आजपासून सहा आठवड्यांनी, मंगळवारी, भर दुपारी तीनला आपण घरात नाही. तारळेकरांच्या घरात तीन वाजता कोणीच बाहेर जात नसे. तीन वाजता बाहेर जाणारे माणूस एक तर दवाखान्यात जाते किंवा बॅग घेऊन तासगावच्या गाडीला.

राहता राहिले, घड्याळ लावणे. पुस्तिकेत लिहिले होते, की वेळ बिनचूक लावावी. रेवतीने मोबाईलमध्ये बघून ती बिनचूक लावली, घड्याळ बैठकीतल्या एक इंच वर घेतलेल्या खिळ्यावर टांगले आणि जुने घड्याळ उतरवून ठेवले. मग तिच्या लक्षात आले, की हे घड्याळ दहा मिनिटे पुढे नाही. ती सांगायला गेली. निर्मलाबाई झोपल्या होत्या. समोर जाऊन उभे राहण्याचा उपयोग नव्हता, डोळे मिटलेले होते. हाक मारावी लागणार होती. रेवती दारात थोडी उभी राहिली आणि परत फिरली.

चहाच्या वेळी निर्मलाबाई उठून बैठकीत आल्या. भिंतीकडे पाहून त्यांनी मान डोलावली. घड्याळात चार वाजले होते. "तीन पन्नास. जमलं की तुला," त्या म्हणाल्या. घरच्या रिवाजाने वजाबाकी झाली होती. आता त्यांची चूक काढणे रेवतीला बरे दिसले नाही.

दुसरी गोष्ट मात्र तिने सांगितली. सहा आठवड्यांनी मंगळवारी मी तीनला घरात नसेन, फोन तुम्ही उचललात, असे ती समोर उभी राहून म्हणाली.

निर्मलाबाईंनी बशी खाली ठेवली. "मी काय म्हणाले?"

"डावीकडून चौथा पाय म्हणालात. डाख बसला नाही म्हणालात."

"बरोबर आहे. माझे वडील स्टोव्हला डाख द्यायचे. मला कळतं त्यातलं." त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहा आठवडे पुढचा मंगळवार शोधला आणि पेन्सिलीने लिहिले, "फोन. डा. चौथा पाय. फुंकर नको." चौथा पाय सुटलाय हे मुळात कोणी शोधून काढले, हे त्यामुळे कोणालाच कधी कळले नाही. तशी कोणाला गरजही पडली नाही.

"जाणार कुठे आहेस?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही."

"आदल्या दिवशी तरी कळव. भाजी किती निवडायची ते ठरवता येतं."

संध्याकाळी अमोलने ती नोंद वाचली आणि खाली आपल्या अक्षरात लिहिले, "रे. घरात नाही." मग तो बराच वेळ कॅलेंडरसमोर उभा राहिला.

"तासगाव?" त्याने विचारले.

"मी ठरवलेलं नाही."

"पण ठरणार आहे."

"तसं दिसतंय."

"बरं," अमोल म्हणाला. त्या रात्री त्याने कोशिंबिरीत मीठ दोनदा घातले. एरवी प्रयोगशाळेत ग्रॅमच्या हिशेबाने काम करणारा माणूस.

पुढचे सहा आठवडे घरात एक बदल झाला. सगळ्यांना उशीर होऊ लागला. अमोलची कारखान्याची बस आठवड्यात दोनदा चुकली. तो म्हणाला, नवा ड्रायव्हर घाईचा आहे. निर्मलाबाईंना देवळातली आरती अर्धी मिळू लागली. पुजारी हल्ली उरकतो, असे त्यांचे मत पडले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका सांगितलेल्या वेळी आल्या, तेव्हा निर्मलाबाई अजून आंब्याच्या डाळीला फोडणी देत होत्या. "काय बाई, इतक्या लवकर," त्या म्हणाल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि मग घड्याळाकडे. घड्याळाचे फार कौतुक झाले. एकीने विचारले, आमच्याकडेही करून देईल का सून. निर्मलाबाई म्हणाल्या, "विचारून बघते. तिला वेळ असला तर."

सगळ्या घरात बिनचूक वेळ एकट्या रेवतीला माहीत होती. पहिले काही दिवस ती घड्याळाकडे पाहून मनात म्हणायची, हे खरे आहे. पण पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना कोणी रोज इतके लक्ष ठेवत नाही.

हळदीकुंकू झाल्यावर तिची पाळी आली. मंगळवारी तीनला मोबाईल वाजला आणि पलीकडे एक बारीक आवाज होता.

"बोल," रेवती म्हणाली. "केस बांधलेस का?"

तिला खूप काही सांगायचे होते. हळदीकुंकू नीट झाले, घाबरू नकोस, पन्हे थोडे आंबट झाले एवढेच. पण कुकर लावलेला होता, गव्हाचा चीक पातेल्यात वाट बघत होता, आणि पलीकडची पोरगी क्रिस्टल खोक्याच्या घडीत शोधायला पुरे पाव तास लावणार होती. रेवतीला आपल्या आवाजात जरब ऐकू आली. तिने ती राहू दिली.

"तू कुठून बोलतेस?" बारीक आवाजाने विचारले.

रेवती जिथे उभी होती तिथून पलंगाखालची निळी बॅग दिसत होती. अजून अर्धीच रिकामी. कुकरची शिट्टी झाली. पुढच्या मंगळवारचे काय ते तिला अजूनही ठाऊक नव्हते.

"किटविषयी विचार," ती म्हणाली. खरे तर उत्तर तिच्याकडे नव्हते. असते तर तिने नियम मोडला असता.

शुक्रवारच्या फोनवर "आई म्हणतात" असे तिच्या तोंडून गेले, ते फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आले; समोर मात्र तिने तसे अजून एकदाही म्हटले नव्हते. आणि मग तो मंगळवार आला.

रेवतीने सकाळी उठल्याउठल्या ठरवले, की आज घराबाहेर पाऊल टाकायचे नाही. दही संपले होते, ती कोपऱ्यावर गेली नाही. शेजारणीने पापड लाटायला बोलावले, तिला नाही म्हटले. अमोल कारखान्यात जायला निघाला तेव्हा दारात घुटमळला.

"मी येतो तेव्हा असशील ना?"

"तीनचंच लिहिलंय कॅलेंडरवर. संध्याकाळचं काही नाही."

"हं," अमोल म्हणाला, आणि बस चुकवायला गेला.

दुपारी जेवणे झाली, ओटा आवरला. निर्मलाबाई झोपायला गेल्या नाहीत. त्यांनी डोळ्याला पाणी लावले आणि ओट्याजवळ, जिथे रेवतीचा मोबाईल चार्जिंगला होता, तिथे स्टूल घेऊन बसल्या. पुस्तिका त्यांनी मांडीवर ठेवली होती.

"तुम्ही पडा ना थोड्या," रेवती समोर जाऊन म्हणाली. "मी आहे."

"कॅलेंडरवर नाहीयेस."

"पण मी कुठे जात नाहीये."

"अगं, तू जाशील न जाशील, फोन मीच उचलला असं तूच सांगितलंस. मला आज झोपता यायचं नाही." त्यांनी पुस्तिकेचे पान उलटले. "गच्चीत कुरडया आहेत. वारं सुटलंय, साडी उडाली तर सगळ्या कौलांवर जातील."

रेवतीने बैठकीतल्या घड्याळाकडे पाहिले. दोन वाजून चौपन्न मिनिटे. म्हणजे दोन चव्वेचाळीस. पाव तास हातात होता. कुरडया परातीत भरायला दहा मिनिटे पुष्कळ झाली. ती परात घेऊन जिना चढली.

गच्चीत ऊन मी म्हणत होते. वाळत घातलेल्या साडीची दोन टोके सुटली होती. तिने ती विटेखाली दाबली आणि वाळलेल्या कुरडया एकेक करून परातीत ठेवू लागली. परवाच दोघींनी मिळून त्या घातल्या होत्या. निर्मलाबाईंच्या कुरडया नीट गोल होत्या. रेवतीच्या सुरुवातीच्या लांबट होत्या आणि शेवटच्या शेवटच्या गोल होत गेल्या होत्या. कोणत्या कोणाच्या हे आता नेमके सांगता येत नव्हते, ती मधल्या एका कुरडईपाशी थोडी थांबली.

खाली मोबाईल वाजला.

एकदाच वाजला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

रेवती परात कमरेला लावून जिन्याने धावत उतरली. शेवटच्या पायरीवर तिला ऐकू आले.

"हॅलो. ती घरात नाहीये."

निर्मलाबाईंनी तिला पाहिले. त्यांनी मोकळा हात वर करून तिला तिथेच थांबवले. दोघी एकदम बोलल्या असत्या तर पलीकडच्या पोरीचा गोंधळ झाला असता. फोनमधून बारीक आवाज येत होता. रेवतीने तो ओळखला. शब्द कळत नव्हते, पण शब्द तिला पाठ होते.

"कळलं. तेव्हाची ना?" निर्मलाबाई रेवतीकडे बघत म्हणाल्या. "आवाज बारीक आहे अजून."

पुन्हा बारीक आवाज. कुठे गेलीय ती.

"किटचं विचारायचं असतं," निर्मलाबाई म्हणाल्या. "पुस्तक वाचलंय मी."

त्यांनी उठून कॅलेंडरचे पान उलटले आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. चौथा पाय झाला, डाख झाला, एक दोन तीन झाले, फुंकर नको झाले. आता काय व्हायचे होते ते रेवतीला आठवले. परात अजून तिच्या कमरेला होती. ती वाकली आणि परात फरशीवर टेकवली. खणखणाट झाला. तिला वाटला होता त्याहून मोठा.

"जमेल आता तुला," निर्मलाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "ठेवते, माझा चहा राहिलाय."

फोन ठेवून त्यांनी बैठकीतल्या घड्याळाकडे मान वळवली. तीन वाजून चार मिनिटे. "दोन चौपन्नलाच," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "कंपनीचं घड्याळ पुढं आहे. अशानं माणसांनी काय करायचं? तू वेळेत खाली आली असतीस."

रेवती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती आणि निर्मलाबाईंची पाठ तिच्याकडे होती.

"आई," रेवती म्हणाली.

त्या वळल्या.

"घड्याळ बरोबर आहे. मी दहा मिनिटं पुढं लावलंच नव्हतं."

निर्मलाबाईंनी घड्याळ पाहिले, रेवतीकडे पाहिले, पुन्हा घड्याळ पाहिले. "कधीपासून?"

"लावल्यापासून. सहा आठवडे."

"आरती," निर्मलाबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "हळदीकुंकू." मग स्टुलावर बसल्या. "आणि तुला माहीत होतं."

"हो."

"मग आत्ता तू वर कशी गेलीस, बघून?"

रेवतीने आठवून पाहिले. "मी दहा वजा केले."

निर्मलाबाईंनी चहाचे आधण ठेवले, दोन कपांचे, आणि पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी गेल्या. अमोलच्या "रे. घरात नाही" या ओळीवर त्यांनी पेन्सिल थोडा वेळ धरून ठेवली.

"मी गच्चीत होते," रेवती म्हणाली.

"गच्ची घरात धरत नाहीत," निर्मलाबाई म्हणाल्या. "वर नळसुद्धा नाही." त्यांनी ओळ खोडली नाही. पुढे बारीक अक्षरात लिहिले, "गच्चीत."

चहा झाला. कुरडया डब्यांत भरल्या, सात डबे झाले. ते माळ्यावर टाकायचे होते आणि सुटे डबे वर नेले की उंदीर झाकणे पाडतात.

"तुझी ती निळी बॅग," निर्मलाबाई म्हणाल्या. "चेन धड आहे ना तिची? रिकामी असली तर दे."

"अर्धी आहे."

"अर्ध्यात कुठं मावतील सात डबे."

"देते," रेवती म्हणाली. "पाच मिनिटं."

ती आत गेली, तेव्हा घड्याळात तीन एकतीस झाले होते. तिने बॅग पलंगाखालून ओढली. कुडते कपाटात गेले, वही उशाशी गेली, अभ्रा उशीला चढला. किल्ली कुठे ठेवावी ते तिला पटकन सुचेना, म्हणून ती तिने घड्याळाच्या रिकाम्या खोक्यात, खिडकीत ठेवली. बाहेर निर्मलाबाई स्टुलावर चढून घड्याळाचे मागचे बटण दाबत होत्या. एकेका मिनिटाला एक टिक. रेवतीने मोजले, दहा झाले.

ती रिकामी बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा घड्याळात तीन सेहेचाळीस झाले होते. बॅग रिकामी करायला तिला पंधरा मिनिटे लागली होती. त्यातली पाच तिची होती, दहा घरची.